पट्टीबाईंच्या अकरा ओळी

ऑफिसात कोणी मला विचारलं की तू कोणाला घाबरतोस, तर मी सरळ पट्टीबाईंचं नाव घेईन. आमच्या मॅनेजर मॅडमना मी घाबरत नाही, बायकोला सोयीपुरता घाबरतो, पण पट्टीबाईंसमोर आजही माझी बोबडी वळते. आणि ज्या शुक्रवारची गोष्ट सांगतोय, तेव्हापासून त्या दारात दिसल्या की मी उठून उभा राहतो. लोक हसतात. खुशाल हसू देत.

बाईंना पट्टीबाई म्हणतात कारण कॉम्प्युटरसमोर बसल्या की त्या एक फूटभर लाकडी पट्टी पडद्याला आडवी लावतात, ओळीच्या बरोब्बर खाली, आणि एकेक ओळ संपली की पट्टी खाली सरकवतात. पडद्यावर ओरखडे पडतात. तीन पडदे बदलून झाले. स्टोअरवाल्याने एकदा तक्रार केली तेव्हा बाई म्हणाल्या, "डोळा घसरतो हो. पट्टी घसरत नाही." त्याने चौथा पडदा मुकाट्याने काढून ठेवला.

एकोणीस वर्षं त्या एका छापखान्यात प्रुफं तपासायच्या. छापखाना बंद पडला तेव्हा वय एकेचाळीस. आमच्याकडे आल्या त्या माहितीपुस्तकं टाइप करायला. मग आराखड्याचा कागद आणि कोड एकमेकांशी जुळतात का ते बघायचं काम त्यांच्याकडे आलं, आणि ते बघता बघता बाई कोड वाचायलाही शिकल्या. कोणी शिकवलं नाही. शिकवायला गेलेल्याला त्या इतके प्रश्न विचारायच्या की तोच पळून जायचा. मी दोनदा पळालोय.

घरी बाई आणि त्यांची आई, दोघीच. सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आईला आता दिसत नाही, म्हणून बाई रोज तिला पेपर वाचून दाखवतात, आणि त्यांचा भाचा सांगतो की मावशी पूर्णविरामसुद्धा वाचते. एकदा आजी वैतागून म्हणाली, "अगं, बातमी सांग, टिंबं नकोत." त्यावर बाई म्हणाल्या, "आई, छापलंय ते वाचतेय. गाळायचं काय ते तू ठरव."

आमची कंपनी लिफ्टच्या दारांचे प्रोग्राम लिहिते. दार कधी उघडायचं, किती वेळ थांबायचं, कधी मिटायचं. ऐकायला फालतू वाटतं, मलाही वाटायचं. या प्रोग्राममध्ये कोणी एक अक्षर जरी बदललं तरी त्याची नोंद राहते: कोणी बदललं, कोणत्या दिवशी, आणि का. या नोंदी ठेवणारी एक जुनी सिस्टिम होती, सतरा वर्षं चाललेली. मग नवी आली. तरुण मंडळी नव्यावर गेली, जुनी मंडळी जुनी सोडायला तयार नाहीत. तेव्हा दोन्हींच्या मध्ये एक पूल बांधायचा ठरला. जुन्या सिस्टिमला कमांड द्यायची, ती नोंदींची यादी पडद्यावर ओतते, ती यादी माझ्या प्रोग्रामने वाचायची आणि नोंदी एकेक करून नव्या सिस्टिममध्ये घालायच्या.

हा पूल मी बांधला. चार दिवसांत. मी तेव्हा हवेत होतो, हे कबूल करतो.

जुन्या सिस्टिमची यादी कशी दिसायची ते सांगतो, कारण सगळं रामायण तिथेच आहे. आधी एक लांब तुटक रेघ. तिच्याखाली एक ओळ: नोंदीचा नंबर, माणसाचं नाव, तारीख, आणि शेवटी एक आकडा, समजा 'तीन ओळी'. त्याखाली त्या माणसाने लिहिलेला मजकूर. मग पुन्हा रेघ आणि पुढची नोंद. मी काय केलं? रेघ दिसली की नवी नोंद सुरू, असं प्रोग्रामला सांगून टाकलं. पुढच्या बदलाआधी शेवटचं जे नाव दिसेल त्याच्यावर तो बदल टाक; ज्या तुकड्याला नाव किंवा बदल नाही तो कचरा, फेकून दे. तो शेवटचा 'तीन ओळी' वगैरे आकडा मला सजावट वाटला. मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पूल पहिल्यांदा चालवला तेव्हा चौदा हजार नोंदी सुरळीत गेल्या आणि खाली आलं: वगळलेले तुकडे, एकेचाळीस. मी पेढे वाटायच्या बेतात होतो. पट्टीबाई मागे उभ्या होत्या.

"हे एकेचाळीस काय आहे?"

"कचरा, बाई."

"वाचलात?"

"कचरा कोणी वाचतं का?"

बाईंनी वहीत एकेचाळीस लिहून त्याखाली रेघ मारली. मला तेव्हा राग आला होता. आज शरम वाटते.

त्याला दोन वर्षं झाली आणि तो अपघात झाला. तीन मजल्यांची एक इमारत, तिसऱ्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या बाई. दोन्ही हातांत कपड्यांचे गठ्ठे घेऊन त्या लिफ्टमध्ये शिरत होत्या आणि दार त्यांच्या उजव्या हातावर मिटलं. दोन बोटं मोडली. शिवणाऱ्या बाईची, उजव्या हाताची.

लिफ्टच्या दाराला एक डोळा असतो. मध्ये काही आलं की तो ओळखतो आणि दार परत उघडतं. हा डोळा धुळीने बंद झाला, तर दाराने त्याच्यावर भिस्त न ठेवता तीन सेकंद नुसतं थांबायचं असतं. आमच्या कोडमध्ये वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात लिहितात, म्हणून तीन सेकंद म्हणजे तीस. त्या इमारतीतल्या लिफ्टचा डोळा बंद होता, आणि कोडमध्ये तीसच्या जागी तीन होतं. माणसाला पाऊल उचलायलाही तेवढा वेळ पुरत नाही. अकरा वर्षं ते तीन तिथे बसून होतं. डोळा चालू असेतो त्याची गरजच पडत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

अपघाताची चौकशी करणाऱ्या सुरक्षा समितीचं पत्र आलं: हा आकडा कोणी बदलला, ते शुक्रवारी चार वाजेपर्यंत लेखी कळवा. मॅडमनी नव्या सिस्टिमला विचारलं. तिने पटकन उत्तर दिलं. बदल करणारे, दारवाले काका.

काका म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने इंजिनिअर. सत्तावीस वर्षं फक्त दारं. लिफ्ट वर कशी जाते ते मला विचारू नका, म्हणायचे, ती उघडते आणि मिटते तेवढं मला माहीत आहे. त्यांच्या सहीशिवाय आमचं एकही दार बाहेर जात नाही. समितीने त्यांचं नाव काळ्या यादीत घातलं असतं तर ती सही कायमची गेली असती. पण खरं सांगतो, काकांना सहीचं पडलंच नव्हतं.

मॅडमनी त्यांना नोंद दाखवली. मजकूर एवढाच: 'डोळा निकामी असल्यास थांबा, कागदाप्रमाणे.' काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मला आठवत नाही," ते म्हणाले. "पण शब्द माझेच आहेत. मीच असं लिहितो. म्हणजे मीच केलं असणार."

दुसऱ्या दिवशी ते एकटेच त्या शिवणवाल्या बाईंकडे जाऊन माफी मागून आले. नंतरचा आठवडा काका जिन्याने चढून येत होते, चार मजले, आणि टेबलावर आपल्याच जुन्या नोंदी काढून वाचत बसायचे, आणखी कुठे कोणाचा हात मोडायचा राहिलाय का ते शोधत. मी त्यांना चहा नेऊन दिला की म्हणायचे, "तू नीट काम कर हं बाबा. माझ्यासारखं करू नकोस." मी मान हलवायचो. काय करणार होतो दुसरं?

शुक्रवारी सकाळी दहाला पट्टीबाई माझ्या टेबलापाशी आल्या.

"तारीख मागे गेलीये."

"कोणाची?"

"काकांच्या त्या नोंदीची. तिच्या वरची नोंद अकरा वर्षांपूर्वीची. खालचीही अकरा वर्षांपूर्वीची. मधली एकच सोळा वर्षांपूर्वीची."

"कोणाच्या तरी मशीनचं घड्याळ चुकलं असेल, बाई."

"एका नोंदीपुरतं चुकलं आणि लगेच सुधारलं?"

मला चारच्या आत समितीसाठी वीस पानं छापायची होती. माझं डोकं फिरलं. म्हणालो, "बाई, दोन वर्षं झाली पूल चालतोय. आता मी तो उकरत बसू?"

बाई मला नेहमी अहोजाहो करतात. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाल्या, "उकर."

मी उठलो.

जुनी सिस्टिम ज्या मशीनवर होती ते आता स्टोअररूममध्ये, रिकाम्या खोक्यांच्या मागे होतं. बाईंनी स्टूल ओढलं, मी उभा. मी कमांड दिली: त्या दिवसांतल्या नोंदी दाखव. पडद्यावर यादी आली. माझा प्रोग्राम मध्ये नाही, कोणी चाळलेलं नाही, जसं होतं तसं.

रेघ. त्याखाली नंबर, आणि नाव पट्टीबाईंचं. तारीख अकरा वर्षांपूर्वीची. शेवटी, 'अकरा ओळी'.

मजकुराची पहिली ओळ: 'दारांच्या फाइलमधील जुनी नोंद तपासली. ती अशी:' मग एक रिकामी जागा. मग रेघ. आणि रेघेखाली काकांचं नाव, सोळा वर्षांपूर्वीच्या तारखेसकट.

"बघा," मी म्हणालो, "तुमची नोंद इथे संपली. खाली काकांची आहे. आहे तसंच आहे ना?"

बाईंनी पट्टी लावली.

"अकरा लिहिलंय," त्या म्हणाल्या. "एक." पट्टी खाली. "दोन, रिकामी. रिकामी ओळसुद्धा ओळच. तीन, रेघ."

"बाई, रेघ आली की नोंद संपते."

"कोण म्हणतं?"

मी म्हणतो, असं सांगणार होतो. तोवर पट्टी खाली सरकली होती.

"चार. काकांचं नाव. पाच, रिकामी. सहा. 'डोळा निकामी असल्यास थांबा, कागदाप्रमाणे.' सात, रेघ. आठ, रिकामी."

आठव्या ओळीला काय चाललंय ते मला कळलं. छापखान्याची सवय. प्रुफात दुरुस्ती सुचवताना बाई आधी मूळ ओळ जशीच्या तशी उतरवून काढतात, मग खाली आपलं लिहितात. इथेही त्यांनी काकांची पाच वर्षं जुनी नोंद आपल्या नोंदीत उतरवली होती. डोक्यावरच्या रेघेपासून पायाच्या रेघेपर्यंत, काहीही न गाळता. असं दुसरं कोणीही केलं नसतं. आणि माझ्या दीडशहाण्या प्रोग्रामने बाईंच्या एका नोंदीचे तीन तुकडे केले होते. वरच्या तुकड्याखाली बदल काही नाही म्हणून तो वगळला. मधल्यावर काकांचं नाव, म्हणून सगळा बदल त्याला चिकटवला. आणि खालच्यावर नाव नाही म्हणून तो कचरा. एकेचाळिसातला एक.

पट्टी खालच्या तुकड्यावर आली. बाईंचा आवाज तोच, घरी पूर्णविराम वाचत असतील तसाच.

"नऊ. 'कागदावर ३ आहे, कोडमध्ये ३० आहे.' दहा. 'शून्य जादा पडलेले दिसते.' अकरा. '३० चे ३ केले.'"

त्याच्याखाली रेघ होती. ही खरी रेघ. अकरा म्हटलं होतं आणि अकराच भरल्या.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगायचा प्रयत्न करतो. ही कमांड कोणी लिहिली ते मला माहीत नाही. पण तो कोणी का असेना, त्याने फार पूर्वीच विचार करून ठेवला होता की पुढे कधीतरी कोणीतरी आपल्या मजकुरात रेघ मारेल, दुसऱ्याचं नाव लिहील, खऱ्या नोंदीसारखीच दिसणारी नोंद उतरवेल, आणि मग वाचणारा फसेल. म्हणून त्याने प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर सांगून ठेवलं की एवढ्या ओळी या नोंदीच्या आहेत, त्यांत काहीही दिसलं तरी थांबू नकोस, मोजून घे. चौदा हजार वेळा त्याने मला हे सांगितलं होतं. मी ते सजावट म्हणून सोडून दिलं. आणि एक बाई, जिला कमांड म्हणजे काय हे चाळिशीनंतर कळलं, ती समोर आलेला आकडा खरा मानून निमूट मोजत गेली, मोजणी तिच्याच गळ्याशी येत होती तरी. मी त्या खोक्यांच्या मध्ये उभा राहून अक्षरशः हात जोडले. बाईंनी पाहिलं नाही, त्या वहीत उतरवून घेत होत्या.

मग माझ्यातला लबाड जागा झाला. म्हणालो, "बाई, काका सुटले. आता समितीला कळवू की पुलाच्या गडबडीमुळे नोंद बिघडली, नक्की कोणी बदललं ते सांगता येत नाही. खोटंही नाही ते."

"सांगता येतंय की," बाई म्हणाल्या, आणि वही माझ्या हातात दिली. "तुम्ही पुन्हा मोजा. दोघांनी मोजलेलं बरं."

मी मोजलं. अकरा.

चार वाजता मॅडमच्या केबिनमध्ये समितीचे दोघे, काका, मी. काकांनी कबुलीवर सही करायला पेन उघडून ठेवलं होतं. बाई उभ्या राहिल्या आणि वाचायला लागल्या. ओळ एक, ओळ दोन रिकामी. मॅडम म्हणाल्या, रिकाम्या ओळी सोडा हो. बाई म्हणाल्या, "मग अकरा भरणार नाहीत," आणि वाचत राहिल्या. 'शून्य जादा पडलेले दिसते' या ओळीला काकांनी डोकं वर केलं. आठवड्याभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा माणसासारखा दिसला, आणि लगेच पुन्हा पडला, कारण कोण वाचतंय ते त्यांच्या ध्यानात आलं.

"कागदावर मी नुसतं तीन लिहिलं होतं," ते घाईघाईने म्हणाले. "सेकंद लिहायला पाहिजे होतं. तेही लिहून घ्या."

समितीने तेही लिहून घेतलं. काकांची सही राहिली. कोडला हात लावायचा बाईंचा अधिकार गेला, आणि तो काढून घ्या असं बाईंनी स्वतःच सांगितलं. आता त्या फक्त वाचतात. पुढच्या आठवड्यात मी पूल मोडून पुन्हा बांधला. आता तो रेघ बघत नाही, आकडा वाचतो आणि तेवढ्या ओळी मोजतो. वगळलेले तुकडे शून्य. जुन्या एकेचाळिसांतून आणखी सहा जणांच्या माथी मारलेलं दुसऱ्यांचं काम निघालं. ते सहा तुकडे मी एकेक करून वाचले. पट्टी लावून.

पण ते नंतर. त्या शुक्रवारी केबिनमधून निघाल्यावर जिन्यात मी बाईंना गाठलं.

"तुम्हाला कधी कळलं, बाई? नोंद तुमची आहे ते?"

"वर नावच होतं की. रेघेखालीच."

"नाही, म्हणजे चूक तुमची आहे ते."

बाई दोन पायऱ्या उतरून थांबल्या. "तारीख मागे गेलेली दिसली ना, तेव्हाच वाटलं. इतकी जुनी नोंद मध्येच उतरवून ठेवणारं आपल्याकडे दुसरं कोण आहे?" मग म्हणाल्या, "काल रात्री आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, नक्की बघ आधी." आणि त्यांचा आवाज तेवढ्यापुरता फाटला. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि आम्ही उतरलो.

शनिवारी बाई त्या शिवणवाल्या बाईंकडे निघाल्या. मी म्हणालो, मीही येतो. का म्हणालो ते मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं.

खोली लहान, खिडकीला मशीन, मशीनवर चादर टाकलेली. शिवणवाल्या बाईंचा उजवा हात पट्ट्यांत बांधलेला. डाव्या हाताने त्यांनी आम्हाला पाणी दिलं. पट्टीबाईंनी पेला खाली ठेवला आणि सरळ सांगितलं, आकडा मी बदललाय, मला वाटलं शून्य जास्तीचं आहे. नव्हतं. तुमची बोटं माझ्यामुळे मोडली.

शिवणवाल्या बाईंनी मशीनवरची चादर डाव्या हाताने सारखी केली. म्हणाल्या, "मागे एक गृहस्थ येऊन गेले. तेही म्हणाले चूक माझी. फार रडले. मीच त्यांना समजावत बसले."

"त्यांची चूक नव्हती," पट्टीबाई म्हणाल्या.

"मग ते तसं का म्हणाले?"

"त्यांना तसं लेखी दाखवण्यात आलं."

"कोणी लिहिलं होतं तसं?"

पट्टीबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पेल्याकडे बघत बसल्या. खोलीत कोणी मला विचारलं नव्हतं, कोणाला माझ्याबद्दल माहीतही नव्हतं. मी बाईंना सोबत म्हणून आलेला एक माणूस होतो आणि तसाच परत जाऊ शकलो असतो.

"मी," मी म्हणालो.